एकशेदहाचा डबा

आई, तुझ्या ओट्याखालचा तो एकशेदहाचा डबा मी पुन्हा लावलाय. तोच, करड्या रंगाचा, दोन विटांच्या वजनाचा, वर पत्र्याची कडी असलेला. सौदीहून आलेली वस्तू आपल्या विजेवर थेट लावली की जळायची, म्हणून मध्ये हा डबा लागायचा. तो आपली वीज निम्मी, एकशेदहा व्होल्टची, करून पुढे द्यायचा. तुला हे सांगायची गरज नाही. पण तुला आता एक पणती झालीय, चार दातांची, आणि कोणी कधी तिला हे वाचून दाखवलंच तर तिला कळावं म्हणून लिहून ठेवतो. डब्यावर या वेळी मिक्सर नाही, टेप नाही. कॅनडाहून आणलेला कॉम्प्युटर आहे. लेकीने व्हिडिओवर ते पाहिलं आणि इतकी हसली की तिच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. "पप्पा, अहो त्याच्या चार्जरला कुठलीही वीज चालते! लिहिलंय त्याच्यावर. तुम्ही इलेक्ट्रिशियन ना?" मी म्हटलं, "मी इलेक्ट्रिशियन नंतर झालो, आधी सौदीवाल्याचा मुलगा होतो." परदेशी वस्तू आली की हात आपोआप ओट्याखाली जातो. आपल्या उमेळे गावात माझ्या पिढीचं कोणीही असतं तर हेच केलं असतं.

पण तो कॉम्प्युटर आला कशासाठी, ते आधी सांगायला हवं. नातीच्या जन्माला आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. एके दुपारी लेक बाळाला थोपटत होती आणि मी तिला नकला करून दाखवत होतो. तुला ठाऊक आहे, माझ्या कानात एकदा गेलं की बाहेर जात नाही. जुन्या फादरांचा प्रवचनातला खोकला, एसटीच्या कंडक्टरची घंटा, नळावरच्या बायांची भांडणं, बेअरिंग गेलेला पंप, सगळं झालं. मग ती म्हणाली, "आणि आजी? आजीचा आवाज कसा होता? तुम्ही आजीचा कधीच काढत नाही." मी तोंड उघडलं, आणि आई, काहीच आलं नाही. शब्द होते. 'मेल्या' होतं, 'जेवून जा' होतं. पण आवाज माझाच येत होता. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. मी पंपाचा आवाज ऐकून कुठला बुश झिजलाय ते सांगणारा माणूस, आणि माझ्याच आईचा आवाज माझ्याकडे नाही! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, थंडी बाधली. मी हो म्हटलं.

घरी तुझी एक कॅसेट होती. बाबांच्या ट्रंकेतून आलेली, बाकीच्यांवर गाणी भरली गेली, ही एक वाचली. घरचा जुना टेप तोवर मोडीत गेला होता, म्हणून ती मी पूर्वी साध्या, बॅटरीवरच्या टेपवर लावून पाहिली होती. त्यात एक बाई चिरक्या आवाजात भराभर बोलते. माझी बायको तेव्हा नवी होती, ऐकून घाबरत म्हणाली, "सासूबाई अशा होत्या?" मी म्हटलं, नव्हत्या. मग कशा होत्या, ते मला दाखवता आलं नाही. आता लेकीने सांगितलं की कॉम्प्युटरवर आवाज पाहिजे तितका हळू करता येतो. झालं, दुसऱ्या दिवशी मी तिथल्याच एका दुकानात.

काउंटरवर पगडीवाला मुलगा. इंग्रजी अगदी तिकडचं, पण मध्येच मागे वळून कोणाला तरी हाक मारली त्याने, त्या एका हाकेत मला पंजाब सापडला. म्हटलं, "पुत्तर, होशियारपूर?" तो उडालाच. "अंकल, बगल का गाँव! आपको कैसे पता?" मग काय, आपलं घरचं झालं. मी भाव करायला घेतला, लेक लांब जाऊन फोनांकडे बघत उभी राहिली, हा माणूस आपला नव्हेच अशी. "अंकल, यहाँ फिक्स होता है जी." "जो कोणी घेत नाही असा एखादा असेल ना?" मी हिंदीत विचारलं. होता. बटणांवर फ्रेंच अक्षरं छापलेला, कोणाला टोपी, कोणाला खाली शेपूट. कोणीतरी मागवून परत दिलेला. म्हणून स्वस्त. लेक म्हणते, "पप्पा, फ्रेंच कीबोर्ड घेऊन वसईत काय करणार? आणि वॉरंटी फक्त इथेच चालते." म्हटलं, "मला लिहायचं नाही, ऐकायचंय. आणि बिघडला तर मी आहे." वर त्या मुलाकडून पिशवी मिळवली, माउस मिळवला. निघताना तो पाया पडला. लेक म्हणाली, "तुम्ही इथे राहिलात तर महिन्याभरात हे दुकान तुमचं होईल." टोप्या-शेपट्यांवर मी आता मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेत आणि हे तुला त्याच्यावरच एकेक अक्षर शोधत लिहितोय.

आता ती गोष्ट, जी तुला सांगायची राहिली. बाबांनी एका सुट्टीत दोन सारखे टेप घेतले होते, आठवतं? एक सौदीतल्या खोलीवर ठेवला, एक इथे आणला. मोठे, टेबलावरचे, बॅटरीवर न चालणारे. लिहायला कोणाला वेळ, म्हणून तुम्ही एकमेकांना कॅसेटी पाठवायचात, सुट्टीवर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती. बाबांची कॅसेट आली की तू चूल मंद करून, हात पदराला पुसून, पाटावर बसतेस. डबा घुमायला लागतो. चपट्या पिना आपल्या भोकांत सैल बसायच्या, त्या तू आगकाड्या खोचून घट्ट करायचीस. मग बाबा बोलायला लागतात. हळू. जड. विहिरीच्या तळातून आल्यासारखे. तू माझ्याकडे बघून म्हणतेस, "बघ कसा आवाज झालाय. तिथलं पानी मानवत नाही त्यांना." (तुझी बोली मला कागदावर उतरवता येत नाही, तिची चाल कानाची आहे. मी शब्द देतो, चाल तू घाल.) आणि पुढच्या जाणाऱ्याबरोबर सुकट, लोणचं, आणि घशासाठी ज्येष्ठमध. दर खेपेला ज्येष्ठमध. बाबांच्या खोलीवरची माणसं त्यांना हसायची म्हणे. ते बिचारे चघळायचे, पुन्हा कॅसेट भरून पाठवायचे, आणि इथे पुन्हा तोच रेड्याचा आवाज. तू पुढच्या वेळी दुप्पट पाठवायचीस.

बाबा सुट्टीवर आले की आवाज मात्र ठणठणीत. जेवताना तुला म्हणायचे, "कॅसेटवर तू काय भराभर बोलतेस गं, घशात चिमणी पाळलीयस?" तू म्हणायचीस, "आणि तुम्ही? रेडा बरा!" दोघं हसायचात. मी दोघांच्या मध्ये बसून आमटी ओरपायचो. तिघांपैकी एकालाही कारण माहीत नव्हतं.

मला कळलं ते फार नंतर. तू गेलीस, मी ओटीवर बसून असे डबे बनवायला लागलो होतो. उमेळ्यापासून कळंबपर्यंत ज्याच्या घरी सौदीची वस्तू त्याच्या घरी माझा डबा, त्यातूनच पुढे स्टेशनाजवळचं दुकान झालं. एक गिऱ्हाईक भांडायला आलं. सौदीचं भिंतीवरचं, विजेवर चालणारं घड्याळ, माझ्या डब्यावर लावलं तर मागे पडतं. "तुझा डबा वेळ खातो," म्हणाला. मी घड्याळ उघडलं, काही दोष नाही. ते कानाला लावून बसलो आणि एकदम उजेड पडला. डबा विजेचा जोर कमी करतो, पण विजेचा ताल बदलत नाही. तिथल्या विजेचा ताल जलद, आपल्या विजेचा संथ. त्या तालावर फिरणारी मोटर इथे सावकाशच फिरणार. म्हणजे घड्याळ मागे पडणार. म्हणजे टेप हळू फिरणार. म्हणजे, आई, बाबांच्या घशाला कधीच काही झालं नव्हतं. ते तिथे चांगलं बोलत होते, इथे आपला टेप त्यांना जड करत होता. आणि तू इथे संथ टेपवर भरलेलं तिथल्या जलद टेपवर वाजायचं, म्हणून तू चिमणी. त्या गिऱ्हाइकाला मी पैसे परत दिले, वर चहा पाजला. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलंय. मी मागच्या खोलीत जाऊन ज्येष्ठमध आठवून आठवून हसलो, पण हे सांगायला तू नव्हतीस.

तर कालची दुपार. बायको प्रार्थनेच्या बायकांबरोबर चंदनसारला गेलेली, घरात मी एकटा. दुकानातला साधा टेप आणला, वायर कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटर डब्यावर, डबा घूं करतोय. कॅसेट लावली. चिमणी बोलायला लागली. आता किती हळू करायचं? हिशेब मला येतो, पण कॅसेट जुनी, पट्टी ताणलेली, हिशेबावर माझा भरवसा नव्हता. खरी भीती दुसरीच होती. समजा आवाज बरोबर झाला आणि मला तो ओळखताच आला नाही तर? नातीला मी कोणाचा आवाज पाठवणार?

तेवढ्यात कानाला काहीतरी खटकलं. तुझ्या बोलण्याखाली एक बारीक घूं होतं. जरा वरच्या पट्टीतलं, डासासारखं. आधी वाटलं, टेपचा दोष. मग मी श्वास रोखून ऐकलं, आणि आई, तो हाच डबा होता! तू पाटावर बसून बोलत होतीस तेव्हा शेजारी हा घुमत होता, तो तुझ्याबरोबर कॅसेटीत शिरलाय. आणि आत्ताही माझ्या पायाशी घुमतोय. विजेचा ताल तेव्हा होता तोच आज आहे. मला तंबोरा जुळवायला मिळाला. मी कॅसेट हळू करत गेलो. दोन घूं एकमेकांशी भांडत होते, वांव वांव वांव. मग भांडण लांबत गेलं, वांऽव, वांऽऽव, आणि मग एकदम थांबलं. खोलीत एकच घूं राहिलं. आतला कुठला नि बाहेरचा कुठला, कळेना.

आणि तू बोललीस. "अहो, ऐकताय ना? केळीला घड धरलाय. तुमचा आवाज कसा झालाय हो, खरं सांगा, बरं आहे ना तुमचं?" खालच्या पट्टीतला आवाज, थोडा घोगरा, शब्दाशब्दात दम घेणारा. मी ऐकत होतो. चांगला होता. पण तुझा होता का? मला खरंच सांगता येईना. कोणीतरी आई बोलत होती, एवढंच. मनात म्हटलं, आता डब्याची पिन काढू, त्याशिवाय नीट ऐकू येणार नाही. वाकलो, पिनेकडे हात नेला, आणि तू ओरडलीस:

"मेल्या, हात काढ! ओल्या हातानं पिनेला? कोन तुला वाचवनार?"

हात मागे आला. आपोआप, खांद्यापासून. मी म्हातारा माणूस खुर्चीत ताठ बसलो, हात पँटला पुसला, कोरडाच होता तरी. कॅसेटमध्ये तू बाबांना सांगत होतीस, "तुमचा मुलगा हो. हा एक दिवस चिकटनार." आणि हसलीस. मला मग काही विचारावं लागलं नाही. नुसतं हसायला आलं, तुझ्याबरोबर.

संध्याकाळी लेकीला तो आवाज पाठवला. तिने बाळाला ऐकवला. तुझं ओरडणं आलं तशी बाळाने तोंडातली वाटी खाली टाकली म्हणे. ओळख झाली तुमची. मी लगेच नक्कल करून पाहिली, बायकोसमोर. ती म्हणाली, "आता जमतंय हं, अंगावर काटा आला." बाबा वर भेटले असतील, तर त्यांना एवढं सांग की ज्येष्ठमधाची गरज नव्हती, आणि ते तुला चिमणी म्हणाले तर रागावू नको, त्यांना तू खरंच तशीच ऐकू यायचीस.

हे पत्र कुठे पाठवायचं तो प्रश्नच नाही. या टोप्या-शेपट्यांच्या कॉम्प्युटरातच राहील. एकच सांगायचंय. आज सकाळी लेकीने विचारलं, "पप्पा, तो डबा काढलात ना?" मी हो म्हटलं. काढलेला नाही. तू हात लावू नको म्हणालीयस.