पहिलीत एक नाव कमी

१७ फेब्रुवारी

"तुझ्या आईने शिक्का उलटा मारलाय गं!" — तिसरीत बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या. प्रगतिपुस्तकावर सहीऐवजी मारायचा आईच्या नावाचा लाल शिक्का, खाली डोकं वर पाय. पंचावन्न मुलं हसली. मीही हसले! आईला स्वतःचं नावही वाचता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचे सगळे शिक्के मीच गुपचूप मारले. तिला सांगितलं — आता लागत नाहीत.

चांद्र नववर्षासाठी सोल शहरातून गावी आलेय. उद्या शाळेत डोकावून येईन.

१८ फेब्रुवारी

सुट्टी, तरी शाळा उघडी. अर्ध्या मैदानात लसूण लावलाय. दाराशी मुलांचे बूट नाहीत — म्हाताऱ्यांच्या, आधाराने चालायच्या दोन ढकलगाड्या! वर्गात दोनच विद्यार्थिनी, दुसरीतल्या. त्यातली एक आमची शेजारीण, चौऱ्याहत्तर वर्षांची ओक्बुन मावशी.

"आलीस? आईला सांग, इथलं जेवण घरच्यापेक्षा बरं. आणि भांडी घासायला नकोत!"

"गप लिही," शेजारची म्हणाली. "तिसरी ओळ परत खाल्लीस."

मुख्याध्यापक म्योंग मला बाहेर घेऊन आले. गावात मूलच उरलेलं नाही. "पहिलीत एक तरी नाव हवं, अठ्ठावीस तारखेच्या आत. नाहीतर कुलूप." मग हळूच — "तुमच्या आईंकडे तीनदा गेलो. म्हणतात, मला सगळं येतं."

१९ फेब्रुवारी

आज विषय काढायचा होता. नाही जमलं. आईने माझ्या सूपात तांदळाच्या पिठाच्या चकत्या जास्त घातल्या.

२० फेब्रुवारी

"ओक्बुन मावशी छान वाचते," जेवताना म्हटलं.

"तिला दुसरा उद्योग काय?" आई मुळ्याच्या फोडींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोस्टमनला मी सांगते, चष्मा सापडत नाही. तीस वर्षं झाली. तोही बिचारा वाचून दाखवतो." हसली. आणि त्याच सुरात — "शिक्के तू मारायचीस. शिक्क्याची डबी जागेवर असायची, पण शाई ओली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला माझी लाज वाटत होती. आणखी कशाला वाढवू?"

भांडी मी घासली. पुष्कळ वेळ.

२१ फेब्रुवारी

सकाळीच शाळेतून अर्ज आणला. आईचं नाव पेन्सिलने लिहिलंय. त्याखाली रकाना — 'पालक'. तिथे माझं, शाईने.

आई मागच्या अंगणात लसूण सोलतेय. नाहीच म्हणेल, ठाऊक आहे. तरी जाते विचारायला —

आई, मला तुला शाळेत घालू दे.