लाफाएलेची सर्दी

२१ ऑगस्ट, रविवार
पांढऱ्या रविवारला सात आठवडे. त्या दिवशी चर्चमध्ये मुलं गातात, मोठे ऐकतात. मग जेवायला मुलं बसतात, मोठे वाढतात. एकट्याने गायचा सोलो यंदाही आमच्या लाफाएलेचा. सलग चौथं वर्ष. आज मी तालीम घेताना वरच्या सुराला त्याचा आवाज चिरकला.
सर्दी. तेराव्या वर्षी मुलं फार पाण्यात असतात.
निश्चय : समुद्र बंद. नोनूच्या औषधी फळांचा रस, दिवसातून तीनदा.

२५ ऑगस्ट
सालोमाने आपियाहून पांढरं कापड आणलं. पोराचं माप घेतलं. म्हणाली, जूनपासून हात चार बोटं वाढलाय, ही पण सर्दीच का?
बायकोला गाण्यातलं कळत नाही.

३१ ऑगस्ट
शाळेत आठवीला ‘वाढतं शरीर’ हा धडा घेतला. लाफाएले दुसऱ्या बाकावर. चित्रांच्या पानापर्यंत आलो. घंटेला वीस मिनिटं होती. म्हणालो, उरलेलं घरी वाचा.
घरी त्याने विचारलं, बाबा, त्या धड्यातलं एक विचारू? मी म्हणालो, शाळेतलं शाळेत.

१ सप्टेंबर
कालचं बरं केलं नाही. माझा आवाज फुटला तेव्हा वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हाच ठरवलं होतं, मुलगा झाला तर त्याला सगळं समजावून सांगायचं.
सांगणारच आहे. दहा ऑक्टोबरला. आधी सांगितलं तर गाण्यातलं लक्ष उडेल. शिवाय त्याला अजून वेळ आहे.

१६ सप्टेंबर
लाफाएले घरात बोलेनासा झालाय. मान हलवतो, खांदे उडवतो. आवाज जपतोय. तालमीत सगळ्यांना त्याचं उदाहरण दिलं. पोरं हसली. तो उठून बाहेर गेला.
तो जात असतानाही मी त्याचं कौतुक चालूच ठेवलं. करायला नको होतं.

२४ सप्टेंबर, शनिवार
गळा चोळून घ्यायला म्हाताऱ्या तुआलाकडे नेलं. तेलाचा हात गळ्यावरून फिरवता फिरवता थांबली. मग हसतच सुटली. म्हणाली, मास्तर, याला रस कसला पाजताय, वस्तरा आणून द्या. दारातल्या बायकाही हसल्या.
तुआलाला हल्ली नीट दिसत नाही.
लाफाएले हसला नाही. परतताना सारखा गळ्याला हात लावत होता. काय झालं, असं विचारावंसं वाटलं. तेवढ्यात घर आलं.

३ ऑक्टोबर
गाणं दोन सूर खाली आणलं. आता खाली ते पोकळ वाटतं. मोठ्यांच्या गाण्यात खालचा सूर माझा भाऊ पेतेलो सांभाळायचा. गळ्यात गाठ झाली, दोन वर्षांपूर्वी गेला.
बहीण ऑर्गन वाजवते. तिने वाजवणं थांबवलं आणि म्हणाली, दादा, सोलो मिलीला दे. दहा वर्षांची आहे, तिला सगळं पाठ आहे. पोराला मोकळं कर.
मी म्हणालो, कार्यक्रम छापून झालाय.
उद्या छापून घेणे.

९ ऑक्टोबर, रविवार
शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. मी ओढून लावलं.
पहिली ओळ चांगली गेली. दुसरीला आवाज खाली गेला. मग वर. मग नाहीच. मागे कुणीतरी हसू दाबलं. तो माझ्याकडे बघत होता. मी हात हलवत राहिलो. पुढची ओळ मिलीने उचलली, कुणी न सांगता.
जेवणाला त्याचं ताट मी वाढलं. डुकराचं मांस, तारोचे कंद, नारळाच्या दुधातली पानं. त्याची जागा रिकामी होती. तो वाढणाऱ्यांमध्ये उभा होता. एकदा माझ्याजवळून गेला, ताटाकडे पाहिलं, म्हणाला, हे मिलीला द्या.


१० ऑक्टोबर, सोमवार
ठरल्याप्रमाणे सांगितलं. पुस्तक उघडलं, चित्रांचं पानही. अर्धा तास बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, आईने शुक्रवारीच सांगितलं.
मी विचारलं, मग आधी का नाही म्हणालास?
म्हणाला, तुम्ही तयारी करून आला होतात.
मग गळ्यावर नव्याने आलेल्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाला, मला वाटलं, ही पेतेलोकाकांसारखी गाठ आहे. तुम्ही औषध देत होतात, चोळायला नेलंत. वाटलं, तुम्हाला माहीत आहे, मला सांगत नाही.
किती दिवस, असं मी विचारलं.
तो म्हणाला, त्या धड्याच्या आधीपासून.
मग शुक्रवारी कळल्यावरही काल उभा का राहिलास, हे विचारायला नको होतं. तरी विचारलं. म्हणाला, तुम्ही छापलं होतंत.
मग उठला. आता पोहायला जाऊ का, म्हणाला. आवाज थेट पेतेलोचा. मी म्हणालो, जा.
बाटलीत नोनूचा रस उरला होता. सात आठवडे, दिवसातून तीनदा. मी कधी चाखला नव्हता. आज एक घोट तोंडात घेतला.
थुंकून टाकला.