पंपहाऊसच्या भिंतीवरील माझे नाव पुसू देण्याबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. श्रीमती सुचेता हलगेकर,
प्रभाग अधिकारी,
चिक्ककेरे प्रभाग कार्यालय,
हेब्बाळ परिसर, बेंगळूरु.

विषय : तळ्याकाठच्या बंद पंपहाऊसच्या भिंतीवरील माझे नाव पुसून तेथे कु. सोनम पाच्छापुरे यांना लेखन करू देण्याबाबत. तसेच मी हयात असल्याची नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : परवा सकाळी सदर भिंतीसमोर आपण दिलेली तोंडी सूचना, "सगळं लेखी द्या, आणि मराठीतच द्या. खानापूर सोडल्यापासून मराठी अर्ज वाचायलाच मिळालेला नाही."

महोदया,

१. मी शमिका गिरीराज देसूरकर, वडिलांच्या संशोधन संस्थेतील नोकरीमुळे लहानपणापासून हेब्बाळची रहिवासी आहे. दिवसा मी एका कंपनीत मोबाइलसाठी कन्नड व देवनागरी अक्षरांची वळणे घडवते. उरलेल्या वेळात मी ग्राफिटी रायटर आहे. रॅप, डीजेचे संगीत, ब्रेकिंग हे जमिनीवरचे नृत्य आणि भिंतीवरची अक्षरे ही हिपहॉपची चार अंगे. त्यातले शेवटचे माझे. आमच्यात याला चित्र काढणे म्हणत नाहीत, लिहिणे म्हणतात. आणि लिहायचे ते स्वतःचे घेतलेले नाव.

२. माझे नाव मी घेतलेले नाही, ते मला मिळाले. आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मी पंपहाऊसपुढे रंगाचे डबे मांडले, तेव्हा शेजारी इडलीची गाडी लावणाऱ्या यल्लव्वा अक्कांनी विचारले, "सगळी भिंत खाणार काय गं?" मी कन्नडमध्ये म्हटले, "नाही अक्का, स्वल्प," म्हणजे थोडीशीच. तेव्हापासून त्या मला स्वल्प म्हणून हाक मारू लागल्या. पुढे त्या स्वल्पने सगळी भिंत खाल्ली ही गोष्ट वेगळी. अक्षरे एकमेकांत इतकी गुंतवली की ती कुणालाच वाचता येईनात. कुणाला त्यात म्हैस दिसे, कुणाला जिलेबी. फिरायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक मात्र रोज थांबून म्हणत, "आज 'स्व' सापडला."

३. भिंतीपुढची गुळगुळीत फरशी हे आमच्या केरे क्रूचे, म्हणजे तळ्याकाठच्या चमूचे, अंगण होते. संध्याकाळी ब्रेकिंग करणारी मुले-मुली तिथे डोक्यावर गरगरत, आणि अक्का उरलेली चटणी त्यांना वाढत. कु. सोनम तिथेच आली. ती उत्तम नाचे. गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी उड्या बंद केल्या, तेव्हा ती भिंतीला टेकून रडत बसली होती. मी तिच्या हातात स्प्रेचा डबा दिला आणि म्हटले, "पायाला जमत नाही ते मनगटाला सांग." ती नाचत होती तशीच लिहू लागली.

४. मधल्या काळात माझी नोकरी व्हाइटफील्डला गेली. रोजचा प्रवास झेपेना म्हणून मी तिकडेच खोली घेतली. याच सुमारास आपल्या कार्यालयाने तळ्याकाठचे सुशोभीकरण हाती घेतले. माझी भिंत पसंत पडली, याचा मला आनंदच आहे. माहिती गोळा करायला आलेल्या गृहस्थांनी अक्कांना विचारले, की हे लिहिणारी कुठे आहे. अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "स्वल्प? ती गेली." गृहस्थांनी हळहळ व्यक्त केली, टोपी काढली आणि निघून गेले. काही दिवसांनी भिंतीभोवती लोखंडी रेलिंग आले, रेलिंगला कुलूप आले, आणि फलक लागला : 'दिवंगत कलावंत स्वल्प यांच्या स्मृत्यर्थ जतन. स्पर्श करू नये.'

५. मला घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि मी हेब्बाळला परतले. पहिल्याच दिवशी भिंत पाहायला गेले. रेलिंगच्या आत, माझ्या नावाखाली झेंडूचा हार होता. मी रेलिंगवरून वाकले, तेवढ्यात रखवालदार श्री. आप्पाजी धावत आले.

"ताई, मागं व्हा. त्या बाई वारल्या."

"अण्णा, मीच ती बाई."

आप्पाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "दुःखात माणूस कायबी बोलतं. जवळच्या होत्या काय तुमच्या?"

मी खडू काढून फरशीच्या कोरड्या तुकड्यावर माझी सही एका दमात केली. त्यांनी ती भिंतीच्या कोपऱ्यातल्या सहीशी बराच वेळ ताडून पाहिली. म्हणाले, "अक्षर सरी आहे, बरोब्बर तेच. पण वारलेल्या माणसाचं अक्षर कोणबी गिरवंल."

६. अक्कांना बोलावले. त्यांनी मला पाहून आधी एक इडली हातात ठेवली आणि मग फलकावर काय लिहिले आहे ते विचारले. ऐकल्यावर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अय्यो, मी व्हाइटफील्डला गेली म्हटलं होतं! त्या माणसानं पुढचं ऐकायच्या आधीच टोपी काढली!" आप्पाजी म्हणाले, "व्हाइटफील्डला गेलेलं माणूस तरी कुठं परत येतंय?" त्यावर आम्ही तिघेही हसलो, पण कुलूप काही उघडले नाही. त्यांना तसा हुकूम नव्हता.

७. मी आपल्या कार्यालयात गेले. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने हयातीचा दाखला मागितला. तो कुठे मिळतो विचारता, तो केवळ निवृत्तिवेतनधारकांना मिळतो असे कळले. मी निवृत्त नाही, हे मी सांगितले. "मग तुमच्याकडे पुरावा काय?" असे मला, मी समोर उभी असताना, विचारण्यात आले. मला राग यायला हवा होता. परंतु त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली माझ्याच भिंतीचा फोटो होता आणि तो त्यांना फार आवडतो असे ते म्हणाले, त्यामुळे रागावता आले नाही.

८. आता मूळ मुद्दा. येत्या रविवारी आमचा वार्षिक जॅम, म्हणजे सर्व क्रूंचा मेळा आहे. सोनमने त्यासाठी नवा आराखडा केला आहे आणि तिला तो याच भिंतीवर लिहायचा आहे. आमच्यात दुसऱ्याच्या नावावर लिहायचे, तर ते त्याच्याहून सरस हवे. नाहीतर तो अपमान. ती आराखडा घेऊन माझ्या घरी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "ताई, नको असेल तर सांग. मी दुसरी भिंत बघीन." मी कागद उलगडला. महोदया, आधी मला तिचा हेवा वाटला. तिच्या अक्षरांत वजन होते आणि तरी ती उडी घेण्याच्या बेतात होती. माझी अक्षरे नुसती गुंतलेली आहेत, हे मला त्या क्षणी कळले. मग मला इतका आनंद झाला की मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणून तो कागद दाखवला. आईला काही वाचता आले नाही. ती म्हणाली, "पण ही तुझ्यापेक्षा बरी दिसतात."

९. परवा आपण स्वतः भिंतीपाशी आलात, माझे म्हणणे ऐकून घेतलेत आणि फलक तिथल्या तिथे उतरवायला लावलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. स्क्रू काढताना आप्पाजींनी माझी माफी मागितली आणि हार मला देऊ केला. तो मी अक्कांच्या गाडीला बांधला. आपण मला विचारलेत, "इतकं चांगलं काम पुसवणार? जिवावर येत नाही?" त्याचे उत्तर येथे देते. जिवावर येते. पण कुलपात ठेवलेल्या भिंतीपुढे कोणी नाचत नाही. गेल्या वर्षभरात त्या फरशीवर शेवाळ धरले आहे. मला माझे नाव टिकण्यापेक्षा तिथला गोंगाट परत हवा आहे.

१०. तरी रेलिंग काढावे, व रविवारी कु. सोनम पाच्छापुरे यांना सदर भिंतीवर लिहिण्याची परवानगी मिळावी. लिहिण्याआधी भिंत पांढरी करावी लागते. ते काम दुसऱ्या कुणाकडेही न देता मला करू द्यावे, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपल्या प्रभागातील भिंतलेखिका,

शमिका गिरीराज देसूरकर
(स्वल्प)

सोबत :
१. कु. सोनम यांचा आराखडा (कृपया घडी घालू नये).
२. यल्लव्वा अक्कांचे 'गेली' या शब्दाबाबतचे निवेदन.
३. या अर्जाची कन्नड प्रत, कार्यालयीन नोंदीसाठी.

कार्यालयीन शेरा : परवानगी दिली. रेलिंग शुक्रवारपर्यंत काढावे. आराखडा दोनदा पाहिला. एकही अक्षर लागले नाही, फार आवडला. रविवारी मी जुने कपडे घालून येते. एक रोलर जास्तीचा आणावा. – सु. ह.