पुढील शिक्षणासाठी

बाई, तुमची आठवण येते ती सातवीच्या निकालाच्या दिवशी, आणि खरं सांगायचं तर जरा रागानंच येते. तुम्ही सगळं इतकं सोपं करून दाखवलंत की मला ते सोपंच वाटलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मी आता तुमच्याच शाळेत बाई आहे, तुमच्याच खुर्चीवर बसते. तिचा एक पाय अजून डुगडुगतो. गावात वर्ग अजूनही सातवीपर्यंतच आहेत आणि आठवीसाठी अजूनही कारंज्यालाच जावं लागतं. एवढ्या वर्षांत बदललं ते एवढंच, की तुम्ही गावात राहायच्या आणि मी कारंज्याहून अपडाऊन करते.

तुमची ती लबाडी आम्हा मुलींना सगळ्यांना माहीत होती. मुलांचे दाखले निकालाच्याच दिवशी त्यांच्या बापाच्या हातात. मुलींचे मात्र कधीच तयार नसायचे. शाई वाळली नाही, शिक्का सापडत नाही, मोठ्या सरांची सही राहिली. घरचे दोन-तीन खेटे घालून कंटाळायचे. मग एक दिवस तुम्ही पर्समध्ये सगळे दाखले घालून आम्हा पाच जणींना एसटीत बसवलंत आणि थेट हायस्कूलच्या ऑफिसात नेऊन उभं केलंत. मला रडू फुटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. ‘रडाचं असन तं घरी जाऊन रड. इथं अर्ज भराचा हाय,’ म्हणालात. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी आमचे बाबा तुमच्या घरी आले. मी त्यांच्या मागे. तुम्ही चुलीपाशी भाकरी थापताय, हात पिठाचे. बाबा दारातूनच ओरडतात, ‘बाई, पोरगी कोनाची हाय? तुमची का माही?’ तुम्ही तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणालात, ‘पोरगी तुमचीच हाय. दाखला माह्यापाशी होता, थो म्या देल्ला तिथं. आता बसा, भाकर खा.’ बाबा बसले नाहीत, पण दाखला परत आणायलाही गेले नाहीत. कारंज्याला जाऊन साहेबासमोर उभं राहून कागद परत मागायचा, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं. माझ्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात तुम्ही वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘पुढील शिक्षणासाठी’.

गेल्या वर्षी माझ्या सातवीत एक मुलगी होती. शाळेच्या थांब्याला लागून त्यांचं वांग्या-भेंडीचं वावर आहे. गणितात अशी तरतरीत, की फळ्यावर मी चुकले तर हात वर न करताच हसायची. निकालाच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ‘बाई, माहा दाखला बाबाले देऊ नका. तुमीच घेऊन चाला मले.’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना बाप आला. ‘कारंज्याले तिच्या आत्याकडं ठेवतो, तिथंच आठवीत नाव टाकतो. दाखला द्या, बाई.’ मला काय बोलायचं ते माहीत होतं. शाई, शिक्का, सही, तुमची तिन्ही कारणं जिभेवर होती. पण पालकानं मागितला की द्यावा लागतो, असा नियम आहे. त्यात तो मोठ्या आवाजाचा माणूस, आणि माझी पाचची बस थांब्यावर येऊन उभी राहिली होती. मी रकान्यात लिहिलं, ‘पुढील शिक्षणासाठी’. अक्षर तुमच्यासारखंच आलं. दाखला दिला आणि पळत जाऊन बस पकडली.

ती कुठेच गेली नाही. दाखला घरच्या पेटीत पडून आहे. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, बाई. आमच्या यादीतून तिचं नाव निघालं आणि हायस्कूलच्या यादीत कधी चढलंच नाही. आमच्या कागदांवर ती शिकायला गेलेली आहे. तपासणीचे साहेब येऊन पाठ थोपटून गेले, तुमच्या शाळेत शाळाबाह्य मुलगी एकही नाही म्हणून. मी त्यांना चहा पाजला. तुम्ही असता तर त्या साहेबांना हाताला धरून वावरात नेलं असतं. मी बिस्किटं आणायला सांगितली.

मी दोनदा तिच्या घरी गेले. पहिल्यांदा बाप म्हणाला, पुढच्या वर्षी पाहू. दुसऱ्यांदा तो बाहेरच आला नाही. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, सायकल मिळते, हे सगळं मी तिच्या आईला सांगत बसले. ती नुसती मान हलवत होती. तिला ते सगळं माझ्याआधीच माहीत होतं.

रोज संध्याकाळी मी थांब्यावर उभी असते आणि ती दहा पावलांवर भेंडी तोडत असते. सुरुवातीला हात हलवायची. नंतर पाठ करून तोडायला लागली. परवा मात्र टोपलं खाली ठेवून बांधापर्यंत आली. मला वाटलं, आता बोल लावेल. मला ते हवंच होतं. ती म्हणाली, ‘बाई, माही लहान बहीन यंदा सातवीत हाय ना. तिचा दाखला तुमीच ठेवसान. कोनाले देऊ नका.’

मी म्हटलं, ‘नाही देणार, पोरी.’ तेवढ्यात बस आली. हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार? दाखल्यांच्या पुस्तकातच ठेवून देते. तिला सांगू शकले नाही ते तुम्हाला सांगते, बाई. त्या थांब्यावर माझ्यानं उभं राहवत नाही, म्हणून मी गेल्या महिन्यातच बदलीचा अर्ज भरून टाकला आहे.