कवळीला चेहरा नसतो

आदरणीय दादा,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता वाकते का? वहिनींचा खोकला गेला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. तुमचे बाबाही ठणठणीत आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्या कानावर काहीबाही आलं असेलच, तेव्हा खरं काय ते दंतवैद्याच्याच तोंडून ऐका.

मुळात खासगी गोष्टींच्या बाबतीत माझ्याइतका सावध माणूस आपल्या घरात दुसरा नाही. फोनचा पासवर्ड मी सारखा बदलतो (इतका, की तो मलाही सापडत नाही), आणि इंटरनेटवरच्या दवाखान्याच्या पानावर आजवर एकाही पेशंटचा चेहरा दिलेला नाही. फक्त दात देतो. आता बाबांचं गुपित तुम्हाला ठाऊक नसेल. सत्तरी उलटली तरी बत्तीशी शाबूत आहे, असं ते प्रत्येक लग्नात चारचौघांना ऐकवतात, पण ती बत्तीशी गेल्या वर्षी मी बनवलेली आहे. कुणाला कळू नये म्हणून 'जुन्या मित्राकडे जातो' असं घरी सांगून ते माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहिले, पेज पिऊन दिवस काढले, आणि पुढच्या दोन दातांमधली त्यांची ती प्रसिद्ध फट नव्या कवळीतही हवीच, असा हट्ट धरून बसले. मी ती फट केसभरही इकडची तिकडे होऊ दिली नाही. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत देखणं काम आहे हो! ते चार लोकांना दाखवावंसं वाटलं, तर काय बिघडलं? गेल्या आठवड्यात मी फोटो टाकला. बाबांचं नाक कापलं (फोटोतलं), मिशा कापल्या, हनुवटी कापली. उरली ती फट.

दुपारपर्यंत तो फोटो बाबांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर पोचला. खाली एकच ओळ, 'ओळखा पाहू!' सगळ्यांनी ओळखलं. (यात कारागिराचं कौतुक कुणीच केलं नाही.)

संध्याकाळी बाबा तरातरा दवाखान्यात आले. बाकावर पेशंट बसलेले. बाबांनी कवळी काढून माझ्या टेबलावर आपटली आणि गरजले, "तू माझा विफ्वाफघात केलाफ!" सुजलेल्या गालाला रुमाल लावून बसलेल्या एका बाईंनासुद्धा हसू आवरेना. मग मात्र बाबा तोंडावर हात धरून खुर्चीत बसले. दादा, एवढा कडक माणूस एवढासा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना आतल्या खोलीत नेलं, त्यांच्यासमोर फोटो काढून टाकला, माफी मागितली. (तोवर तो गावभर झाला होता, ही गोष्ट निराळी.)

तेवढ्यात तुमच्या आई आल्या. त्यांनी कवळी धुतली, पुसली आणि बाबांपुढे धरली.

"घाला आता. मला काय आज कळलंय? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीफ?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं ना?"

बाबांनी कवळी तोंडात बसवली. मग दोघं हात धरून घरी गेली. तेव्हापासून त्यांचं अगदी गूळपीठ आहे, तुमची बहीणही त्यांच्याच बाजूला, आणि मी एकटा. तरी मी खचलेलो नाही. तुम्ही समजून घ्याल, याची खात्री आहे.

तुमचाच,
घरचा दंतवैद्य

ता. क. : त्या फोटोपासून दवाखान्यात बसायला जागा नाही. सगळ्यांना तसलीच फट हवी आहे. तेव्हा बाबांकडे जरा शब्द टाका, फोटो पुन्हा टाकू का? या वेळी चेहऱ्यासकट. आता लपवाछपवी कशाला?

ता. क. २ : टपालाला वेळ लागेल, म्हणून पत्राचे फोटो काढून फक्त तुम्हाला फोनवर पाठवतोय. वाचून लगेच पुसून टाका.

ता. क. ३ (हे मागाहून) : ते फोटो चुकून घरच्या ग्रुपवर गेले. सगळ्यांनी वाचलेत. बाबांच्या नावाखाली मघापासून 'टाइप करत आहेत' एवढंच दिसतंय. दादा, आजच निघा.