आप्पांची तेलाची वाटी

गिरीज, सोमवार, १४ सप्टेंबर १९९८

संपलं. आप्पांच्या जुन्या मॉरिस गाडीच्या सीटचं मूळ चामडं काही आता वाचत नाही. विरारहून सीटवाला आला होता. त्यानं शिवणीपाशी नुसता अंगठा दाबला, तर चामडं भिजल्या पावासारखं आत गेलं. बरं झालं, आप्पा तेव्हा वाडीत होते. वर मलाच विचारतो, "ताई, याला तेल कोण लावतं?"

कोण लावणार? आप्पाच. घरच्या नारळांचं खोबरेल, वाटीत कोमट करून, रोज संध्याकाळी, बाळाच्या टाळूवर घालावं तसं. आई गेल्यापासून तर एक दिवस खंड नाही.

"तेलानंच कुजलंय. आता टाका धरणार नाही. रेक्झिन घालू?"

मी त्याच्यावरच खेकसले. त्याचा काय दोष? पण रेक्झिनला आप्पा तेल कशाला लावतील? आणि मग संध्याकाळी करतील काय?

त्यांना सांगायला हवं. पण आता तेल बंद करूनही उपयोग नाही म्हणे. मग सांगून काय मिळणार? आणि न सांगता रोज नुसतं बघत बसायचं?

दिवेलागणीला आप्पांनी विचारलंच, "काय म्हणाला गं तो?"

"म्हणाला, चामडं अस्सल आहे."

केवढे खूश झाले! "मी सांगत नव्हतो? सगळी तेलाची करामत." आणि वाटी पुढे केली.

मी तेल कोमट करून दिलं. आज वाटी काठोकाठ भरली.