निकाल पुरता लागू द्या

४ मार्च, दुपार
हरलो. म्हणजे टेक्निकली हरलो. जजबाई म्हणाल्या, आमच्या आणि साडूच्या घरामधला बोळ दोघांच्या सामायिक मालकीचा आहे, सबब मी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी तिथे उभी करायची नाही. साडूची बेकरी मागच्या अंगाला, त्याच्या हातगाडीला जायला वाट हवी. आमची गाडी किती वर्षं त्याच बोळात उभी राहतेय, तिला दुसरीकडे करमणार नाही, हा मुद्दा मी स्वतः उठून मांडला होता. जजबाईंनी लिहूनसुद्धा घेतला नाही.

साडू पायऱ्यांवर माझ्याकडे बघून हसला. हसू दे. अपील करणार. उद्याच.

हिला घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, बरं. हिची सख्खी धाकटी बहीण साडूच्या घरात, त्यामुळे हिचं 'बरं' कुणाच्या बाजूचं ते कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी
गाडी बंद पडलेल्या लाँड्रीसमोर लावून आलो. वर झाड आहे. झाडावर पक्षी आहेत. टेम्पररी आहे सगळं.

५ मार्च
वकील म्हणतात अपील करता येत नाही. का, तर निकाल अजून पुरता लागलेला नाही. बोळाचं झालं, पण माझा उलटा दावा शिल्लक आहे: साडूच्या चिमणीची काजळी माझ्या गाडीवर पडते, तो. तो निकाली निघेपर्यंत केस अर्धी, आणि अर्धी केस वरचं कोर्ट हातात घेत नाही.

मी विचारलं, म्हणजे मी हरलोय की नाही? म्हणाले, हरलाय, पण पूर्ण नाही. ऐकून बरं वाटलं. जिना उतरल्यावर लक्षात आलं की यात बरं वाटण्यासारखं काही नाही.

उलटा दावा ठोकायची हौस कुणाची होती, असंही वकिलांनी विचारलं. मी त्यांच्या पंख्याची चौकशी केली.

६ मार्च
रिटायर्ड नर्सबाईंचा क्लास. तिसऱ्या गिअरमध्ये असताना त्यांना कायदा समजावला. म्हटलं, समजा टेस्टमध्ये परीक्षकाने तुम्हाला वळणावर नापास केलं, पण पार्किंग व्हायचंय. टेस्ट संपल्याशिवाय तक्रार करता येणार नाही. तसंच हे. बाईंना लगेच पटलं. म्हणाल्या, मग मी पार्किंग पटकन चुकवते, टेस्ट संपवते आणि तक्रार करते. खूप हसलो. काही लोकांना लीगल माइंड नसतं. हसताना कचऱ्याचा डबा राहिला बघायचा. बंपरला थोडंसंच लागलं आहे.

संकल्प: चिमणीची केस जिंकायची, मग बोळाचं अपील जिंकायचं. डबल.

११ मार्च
चिमणीची तारीख होती. साडूच्या वकिलाची दाढ सुजलेली, तो नुसता हातवारे करत होता. काजळी तपासायला कोर्ट कुणी तज्ज्ञ नेमणार, तो येणार, नमुने नेणार, रिपोर्ट देणार. आमचे वकील म्हणाले, पुढच्या वर्षी या सुमारास काहीतरी होईल. म्हणजे वर्षभर मी नुसताच अर्धा हरलेला फिरायचं.

दोन विद्यार्थ्यांनी क्लास सोडला. लाँड्रीपर्यंत चालत यायला लांब पडतं म्हणे. पलीकडच्या चौकातल्या स्कूलची गाडी दारात येते. अशाने स्कूल बंद पडेल असं ही म्हणाली. मी म्हटलं, हिला काही कळत नाही. मनात म्हटलं.

१८ मार्च, सकाळ
आंघोळ करताना विजेसारखी कल्पना चमकली. पूर्णपणे माझी स्वतःची.

चिमणीची केस हरायची. मुद्दाम. लवकर. केस पुरती संपली की निकाल पुरता लागला, आणि निकाल पुरता लागला की अपील. साडू बोळ जिंकल्याच्या खुशीत गाफील, आणि वर माझं वादळ. वकिलांना आत्ताच सांगणार नाही. वकील लोक घाबरट असतात.

दुपार
पुरावा नष्ट केला. गाडीच्या टपावर वाळत घालून काळे केलेले चार पांढरे रुमाल डब्यात जपून ठेवले होते, ते हिला धुवायला दिले. ही म्हणाली, हा तर तुमचा पुरावा ना? मी म्हटलं, जाऊ दे, माणसाने मन मोठं ठेवावं. हिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग रुमाल धुतले, इस्त्रीसुद्धा केली. लग्नापासून रुमालांना इस्त्री कधी झालेली आठवत नाही.

म्हणते, पुढच्या तारखेला मीपण येते. येऊ दे. नवऱ्याची स्ट्रॅटेजी एकदा जवळून बघेल.

२ एप्रिल
काय दिवस होता. सगळं सविस्तर लिहितो.

मी उभा राहिलो. जजबाईंनी विचारलं, काजळीबद्दल काय म्हणणं आहे. मी म्हटलं, काहीच नाही. चिमणी उत्तम आहे. धूर निघतो तो सरळ वर जातो, मी स्वतः पाहिलंय. माझ्या वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू गाडी नदीत घातलीय.

जजबाई म्हणाल्या, म्हणजे दावा सोडताय? मी म्हटलं, बाई, मला फक्त हे सगळं संपवायचंय. समोरच्यांचं जे म्हणणं असेल ते मला मान्य. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. विचारलं, फक्त चिमणीचं, की बोळाचंही? इथे वकिलांनी माझा कोट ओढला. त्यांना ही खोड आहे. मी म्हटलं, सगळ्याचंच. काहीही शिल्लक ठेवू नका. पुन्हा ओढला. जजबाईंनी विचारलं, नक्की? कुणाच्या दबावाखाली नाही ना? मी छाती पुढे काढून म्हटलं, माझ्या स्वतःच्या राजीखुशीने. तिसऱ्यांदा ओढला, शिवण उसवली. पण नंतर ओढायचं थांबले. माझा कॉन्फिडन्स त्यांच्यापर्यंत पोचला असणार.

मग साडूला विचारलं. तो उठला. म्हणाला, साडूभाऊ एवढं म्हणतात तर मीही चिमणी उंच करून घेतो, आणि पहाटे त्यांची झोपमोड होते म्हणून हातगाडीला रबरी चाकं बसवतो. जजबाईंनी सगळं लिहून काढलं, दोघांच्या सह्या घेतल्या. मी सही ठळक केली. अपिलाच्या कागदात उठून दिसायला हवी.

शेवटी विचारलं, आता हे अंतिम ना? जजबाई हसून म्हणाल्या, अगदी अंतिम. जिंकलो.

बाहेर साडूने मला मिठी मारली. चांगलाच वजनदार माणूस आहे. म्हणाला, मला कधीचं बोलायचं होतं, तुम्ही मोठेपणा दाखवलात. बिचारा. त्याला काय माहीत.

३ एप्रिल
मेहुणी बोळातून आली. आधी हा बोळ ओलांडायला तिला माझ्या गाडीला खेटून, साडी सावरत यावं लागायचं. आज सरळ आली. भाऊजी, तुम्ही देवमाणूस आहात म्हणाली आणि डोळे पुसले. दोघी बहिणी मागच्या दारात बसून दोन तास काय काय बोलत होत्या आणि हसत होत्या. ही एवढी हसते हे मी विसरलो होतो. ऐकायला छान वाटलं, उगाच खोटं कशाला लिहा.

तरी अपील करणारच. तत्त्वाचा प्रश्न आहे.

७ एप्रिल
साडूने बेकरीसमोरच्या फळ्यावर माझ्या स्कूलचा नंबर खडूने लिहिलाय. पाव घ्यायला येतील त्यांना सांगतो, गाडी शिकायची तर आमच्या साडूभाऊंकडे. तीन नवे विद्यार्थी. त्यातल्या एकाला मी कोर्टात काय बोललो ते पाठ होतं. नम्रपणे मान खाली घातली. दोनदा घातली.

रबरी चाकं बसली. पहाटे काही ऐकू आलं नाही, त्यामुळे लवकर जाग आली.

९ एप्रिल
अपिलाचा मसुदा मनात तयार आहे. पण साडूच्या तोंडावर कसं सांगायचं? अचानक नोटीस गेली तर माणूस खचेल. ठरवलं: अपील जिंकल्यावर बोळात गाडी फक्त दुपारी लावायची. मेहुणीला यायला जागा सोडून. मी काही निर्दय नाही.

१४ एप्रिल, दुपार
वकिलांकडे गेलो. म्हटलं, निकाल पुरता लागला, आता ठोका अपील. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग पाणी दिलं. मग सांगितलं.

अर्ध्या निकालावर अपील नाही, हे खरं. पुऱ्या निकालावर असतं, हेही खरं. पण दोन्ही बाजूंनी आपखुशीने मान्य करून जो निकाल घेतला, त्यावर अपील नाही. जे स्वतःच कबूल केलं त्याविरुद्ध वर जाऊन रडायचं कसं? त्यात मी राजीखुशीने हा शब्द वापरला, सगळ्याचंच म्हणालो, काहीही शिल्लक ठेवू नका म्हणालो. इतका अंतिम निकाल आपल्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये पाहिला नाही म्हणाले.

मी तापलो. म्हटलं, मग तुम्ही मला अडवलं का नाही? तुम्ही वकील कशाला आहात? म्हणाले, अहो, कोट ओढून ओढून फाडला तुमचा. मी म्हटलं, तीनदाच ओढलात. अजून ओढायचा.

वकील थोडा वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, चौथ्यांदा ओढणारच होतो. पण मागच्या बाकावरून तुमच्या मिसेसनी माझा धरून ठेवला होता.

संध्याकाळी
हिला जाब विचारायचा म्हणून तरातरा घरी आलो. बोळातून आलो, जवळ पडतं. दारात साडू आणि मेहुणी बसलेले, हिने सगळ्यांसाठी सूप केलेलं. साडू उठून मला खुर्ची द्यायला लागला.

जाब विचारायचा तर आधी सांगावं लागेल की मी ते मोठ्या मनाने वगैरे काही केलं नव्हतं. बसलो.

ही म्हणाली, वकिलांकडे काय काम काढलं होतं? मी म्हटलं, आभार मानायला गेलो होतो. ही म्हणाली, माझेही मानायचे राहिलेत, आणि माझ्या वाटीत सूप वाढलं.